‘ग्रोथ’च्या जागी काहीही चालत नाही

इंग्रजीच्या परीक्षा जवळ आल्या की व्हॉट्सॲपवर एक यादी फिरायला लागते. ग्रोथ आणि डेव्हलपमेंट म्हणजे एकच, असं वर ठासून लिहिलेलं असतं. खाली प्रोग्रेस, एस्कलेशन, प्रोलिफरेशन, ऑगमेंटेशन असे शब्द आणि सोबत सल्ला: यातला कुठलाही शब्द कुठेही टाका, एकच शब्द दोनदा आला तर गुण कापतात, आणि शब्द जितका भारी तितके गुण जास्त. आयईएलटीएस या इंग्रजीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेला बसणारे, बीएडवाले, स्पर्धा परीक्षावाले, सगळे ती एकमेकांना पाठवतात. मेहनती मुलांचं चांगलं इंग्रजी या यादीपायी बिघडतं, म्हणून तिला उत्तर द्यायलाच हवं.

आधी ‘दोन्ही एकच’ हा दावा. अंगणवाडीत मुलाचं वजन करतात आणि कार्डावरच्या आलेखात ठिपका मांडतात. ती झाली ग्रोथ. तेच मूल आधाराशिवाय उभं राहतं का, हाक मारली की वळून बघतं का, दोन शब्द जोडून बोलतं का, ही डेव्हलपमेंट. पहिली काट्यावर आणि टेपवर मोजता येते, दुसरी मुलाकडे बघून, त्याच्याशी खेळून कळते. वजन दर महिन्याला छान वाढतंय आणि बोलणं मात्र मागे पडलंय, असं होऊ शकतं. अशा मुलाच्या कागदावर ‘ग्रोथ’ मागे आहे असं लिहिलं, तर आईबाप खाण्यापिण्याच्या मागे लागतील आणि कान तपासायचे राहून जातील.

अर्थशास्त्रातही तसंच. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेच्या तिसऱ्या सामान्य अध्ययन पेपरचा अभ्यासक्रम उघडून बघा. तिथे ग्रोथ आणि डेव्हलपमेंट स्वल्पविराम देऊन वेगवेगळे लिहिले आहेत. देशाचं उत्पादन वाढलं की ग्रोथ झाली. पण माणसं किती जगतात, किती शिकतात, त्यांचं राहणीमान कसं आहे, हे त्यातून कळत नाही. म्हणूनच 1990 मध्ये पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांचा पहिला मानव विकास अहवाल निघाला. त्यातल्या निर्देशांकात उत्पन्नाबरोबर आयुर्मान आणि शिक्षणही धरलं गेलं. ‘जॉबलेस ग्रोथ’ हा शब्दप्रयोग रुळला तो याच फरकामुळे: उत्पादन वाढतं, रोजगार वाढत नाही. तिथे ‘जॉबलेस डेव्हलपमेंट’ लिहिणाऱ्या उमेदवाराला मुद्दाच समजलेला नाही, हे तपासणाऱ्याला लगेच दिसतं.

आता ‘कुठलाही शब्द कुठेही’. आपण मराठीत पगारवाढ म्हणतो, पगारविकास म्हणत नाही. केस वाढतात, त्यांची प्रगती होत नाही. हे आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं, कानाला कळतं. इंग्रजीलाही तसाच कान आहे. एस्कलेशन होतं ते भांडणाचं, युद्धाचं, खर्चाचं. साक्षरतेचं एस्कलेशन लिहिलं तर साक्षरता हे संकट वाटेल. प्रोलिफरेशन म्हटलं की नको त्या गोष्टी भराभर पसरल्याचा वास येतो. 1968 च्या अण्वस्त्रप्रसारबंदी कराराच्या इंग्रजी नावात तो शब्द आहे तो उगाच नाही. खुद्द ग्रोथच्या आधी इंग्रजी ‘अ’ (a) लागला आणि विषय शरीराचा असला, तर अर्थ होतो गाठ. डेव्हलपमेंटला ‘एस’ लावला की बहुधा ताज्या घडामोडी. आणि प्रोग्रेसचं नाम म्हणून अनेकवचन करायचं नाही. त्याच्यासोबत क्रियापद ‘मेक’ येतं, ‘डू’ नाही.

कोणी म्हणेल, समानार्थी कोशात तर हे शब्द शेजारीशेजारी छापलेत. छापलेत, पण कशासाठी? पीटर मार्क रॉजे या डॉक्टरांनी 1852 मध्ये आपला प्रसिद्ध कोश काढला तेव्हा शब्द वर्णानुक्रमे न लावता कल्पनांनुसार लावले. मनात कल्पना आहे आणि नेमका शब्द सुचत नाही, अशा माणसाने तो शोधावा म्हणून. शेजार म्हणजे अदलाबदलीची परवानगी नव्हे.

पुनरुक्तीचे गुण कापतात, हा दावा अर्धा खरा आहे. आयईएलटीएसच्या लेखनात शब्दसंपदेला एक चतुर्थांश वजन असतं आणि तेच तेच साधे शब्द वापरणं ही खालच्या बँडची, म्हणजे गुणपातळीची, खूण मानली जाते. पण एखादा शब्द दुसऱ्यांदा आला म्हणून ठरावीक गुण वजा, असा नियम नाही. उलट सातव्या बँडच्या निकषात कमी प्रचलित शब्दांच्या बरोबरीने शैलीचं आणि कोणता शब्द कोणासोबत शोभतो याचं भान मागितलेलं आहे. ‘भारी शब्द, जास्त गुण’ या दाव्याचा निकालही इथेच लागतो.

आलेख बघून त्याचं वर्णन लिहायच्या प्रश्नात तर बदललेला शब्द आकडाच खोटा पाडतो. समजा, एका कारखान्याचं उत्पादन 100 टन, पुढच्या वर्षी 120, त्याच्या पुढच्या वर्षी 126. वाढीचा दर 20 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला, म्हणून ‘ग्रोथ स्लोड’ हे बरोबर. उत्पादन मात्र वाढलेलंच आहे. पुनरुक्ती टाळायला ग्रोथऐवजी ‘प्रॉडक्शन’ घालून ‘प्रॉडक्शन फेल’ (fell), म्हणजे उत्पादन घटलं, असं लिहिलं, की उत्तर चूक. इथे ग्रोथ तीनदा लिहावं लागलं तरी लिहा.

शब्द पाठ करायचेच असतील तर जोडीने करा: स्टेडी प्रोग्रेस, रॅपिड ग्रोथ, शार्प राइझ. आणि शब्दयोगी अव्ययासकट. कशात वाढ झाली ते सांगताना ‘इन्क्रीज इन’, किती झाली ते सांगताना ‘इन्क्रीज ऑफ’. अशा पंधरा-वीस जोड्या वाक्यांत घोळल्या तर आलेखाच्या उत्तराला पुरतात.