खेळायची किंमत आणि ठेवायची किंमत

२०२५ च्या मार्चमधली गोष्ट. रात्री अकराच्या सुमारास संभाजीनगरच्या मित्राचा फोन आला. आवाज पार पडलेला. "विकून टाकायलोय मी. उद्या ग्रुपवर फोटो टाकतो. येतील तेवढे येऊ दे."

काय विकायलास, असं विचारायची गरज नव्हती. त्याच आठवड्यात, ६ मार्चला, कोनामी या जपानी कंपनीनं ‘सुइकोडेन’ या जुन्या व्हिडिओ गेमचे पहिले दोन भाग नव्या रूपात बाजारात आणले होते. आणि याच्या कपाटात ‘सुइकोडेन २’ची प्लेस्टेशनवरची मूळ अमेरिकन प्रत आहे, १९९९ ची. पुस्तिका शाबूत, डब्याची बिजागरी तुटलेली नाही, डिस्कवर केसाएवढा ओरखडा नाही. वाळूजला नोकरी लागल्यावर पहिल्या दिवाळी बोनसमध्ये त्यानं ती एका नातेवाइकाच्या हाती अमेरिकेहून मागवली होती. त्या खणाला तो घरातल्या लेकरांना हात लावू देत नाही.

"आता कुणीबी घरी बसून डाउनलोड करल. माझ्या डिस्कला कोण विचारतंय?"

मी म्हटलं, आधी झोप, आणि ग्रुपवर काही टाकू नको. त्या रात्री फोनवर मला नीट सांगता आलं नाही ते आज लिहितोय, कारण हीच भीती त्यानंतर आणखी चार-पाच जणांनी बोलून दाखवली आहे. दुर्मिळ जुना गेम कंपनीनं पुन्हा काढला की आपल्याजवळच्या मूळ प्रतीचं काय होतं?

माझे वडील परभणीच्या मोंढ्यात आडत दुकानावर मुनीम होते. आवक वाढली की भाव पडतो, हे मी पाढ्यांच्या आधी शिकलो. पावसानं रस्ते बंद पडले की तुरीला तेजी, उघडीप होऊन गाड्या लागल्या की मंदी. मित्राच्या डोक्यात हाच हिशोब होता. पण तूर खायची वस्तू आहे. नवी तूर आली की गेल्या सालच्या तुरीला कोणी जपून ठेवत नाही.

आजीकडं मात्र वेगळी वस्तू होती. हाली सिक्क्याचा चांदीचा रुपया, निजामाच्या राज्यातला, वर चारमिनार. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि आमच्या बाजारात हाच रुपया चालायचा. सात हाली म्हणजे सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये. संस्थान गेल्यावरही हे नाणं काही वर्षं चाललं, मग १९५९ ला कायमचं बंद झालं. त्या दिवशी त्याची खर्चायची किंमत संपली. तरी आजी दर लक्ष्मीपूजनाला तो गाठोड्यातून काढायची, चिंचेनं घासायची, पाटावर मांडायची. चारमिनाराच्या कमानीच्या खाचेत कुंकू बसलेलं असायचं, ते कितीही घासलं तरी निघायचं नाही. त्या रुपयानं भाजी येत नव्हती. ठेवायची किंमत मात्र होतीच, आणि ती खर्चायच्या किमतीवर कधीच अवलंबून नव्हती.

जुन्या गेमचं नेमकं असंच आहे. त्याला दोन किमती असतात, एक खेळायची आणि एक ठेवायची. कंपनी जोवर तो पुन्हा काढत नाही तोवर दोन्ही एकाच डब्यात बसलेल्या असतात आणि आपल्याला एकच आकडा दिसतो. री-रिलीज आली की पहिली किंमत डब्यातून निघून जाते. दुसरी जागेवर राहते. भाव किती उतरेल, हे त्या डब्यात कुठली किंमत जास्त होती यावर ठरतं.

‘सुइकोडेन २’चंच बघा. २०१४ च्या डिसेंबरमध्ये तो अमेरिकेत प्लेस्टेशन स्टोअरवर दहा डॉलरला आला होता. म्हणजे मित्राला जी भीती वाटत होती ती गोष्ट दहा वर्षांपूर्वीच घडून गेलेली. तरी मूळ डिस्क शंभर डॉलरच्या वरच विकली जात राहिली. उलट ‘फायनल फँटसी ७’ २००९ मध्ये डाउनलोडसाठी आला तेव्हा त्याच्या जुन्या डिस्कचा भाव उतरला. त्याच्या प्रती जगभर लाखोंनी विकल्या गेल्या होत्या, वस्तू म्हणून तो दुर्मिळ नव्हताच. लोक फक्त खेळायला मिळावा म्हणून जास्त पैसे मोजत होते. तेवढे जास्तीचे पैसे गेले.

सगळ्यात मोठं उदाहरण ‘सुपर मारियो ६४’चं. हा गेम निन्टेन्डोनं आपल्या ‘वी’ या यंत्रावर दिला, ‘वी यू’वर दिला, आणि २०२० मध्ये ‘स्विच’ या यंत्रावरच्या संग्रहात दिला, जो ३१ मार्च २०२१ पर्यंत विक्रीला होता. म्हणजे ज्याला खेळायचाय त्याला मार्गच मार्ग. आणि विक्री थांबल्यावर साडेतीन महिन्यांच्या आत, जुलै २०२१ मध्ये, अमेरिकेतल्या हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात त्याच गेमची एक सीलबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. तो आकडा मला स्वतःला पटत नाही. त्या काळात सीलबंद डब्यांचा जो बाजार तापला होता त्यात खेळाचं प्रेम थोडं आणि पैसा लावायची घाई जास्त होती, असं माझं मत आहे. पण ते सील फोडून खेळण्यासाठी कुणी एवढे मोजले नव्हते, हे उघड आहे.

यावर एक जण म्हणाला, डाउनलोड वेगळं, पण तीच कॅसेट पुन्हा छापली तर? तेही झालंय. ‘शांते’ हा निन्टेन्डोच्या ‘गेम बॉय कलर’ या हातातल्या यंत्राचा गेम २००२ ला आला, तेव्हा त्या यंत्राची जागा नव्या यंत्रानं घेतली होती, त्यामुळं प्रती कमी. २०२० मध्ये लिमिटेड रन गेम्स या कंपनीनं त्याची खरोखरची, गेम बॉयमध्ये चालणारी कॅसेट पुन्हा काढली. संग्राहक अजूनही कॅपकॉम कंपनीनं काढलेल्या पहिल्या प्रतीला वेगळं ओळखतात आणि वेगळे पैसे देतात. पहिली आवृत्ती ती पहिली आवृत्ती.

मुद्दाम भाव पाडल्याचंही उदाहरण आहे, फक्त ते टपाल तिकिटांमधलं आहे. १९६२ मध्ये अमेरिकेत संयुक्त राष्ट्रांचे दिवंगत सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड यांचं चार सेंटचं तिकीट निघालं. काही शीटवर पिवळा रंग उलटा छापला गेला. एका संग्राहकाच्या हाती ते लागलं, बातमी झाली, आणि तिथल्या पोस्टमास्टर जनरलनी हुकूम काढला की हीच चूक मुद्दाम करून कोट्यवधी तिकिटं छापा. चुकीचं दुर्मिळपण एका फटक्यात संपलं. याच्या बरोबर उलट टोक ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाचं. १९९५ मध्ये कंपनीनं जुने पत्ते पुन्हा छापले, संग्राहक चिडले, आणि १९९६ मध्ये कंपनीनं यादीच जाहीर केली की अमुक पत्ते आम्ही पुन्हा कधीही छापणार नाही. आज त्या यादीतले काही पत्ते सामान्य पोराच्या हातात येणं अशक्य आहे. खेळायचा पत्ता तिजोरीत गेला.

गेमच्या बाबतीत अशी यादी व्हावी असं आपल्यातल्या काहींना मनातून वाटतं. मला ते अजिबात मान्य नाही, आणि त्याचं कारण परभणीत आहे.

१९९४ ला मी दहा वर्षांचा होतो. गल्लीत एकाच घरी ‘सामुराई’ हा टीव्हीला लावायचा गेम आला होता. नंतर कुठं ‘मीडिया’चा, कुठं ‘लिटल मास्टर’. मूळ निन्टेन्डो आमच्यापैकी कुणी डोळ्यानं पाहिला नव्हता. कॅसेट पिवळी असायची, वर स्टिकर एका गेमचं आणि आत गेम भलताच. ९९९९ इन १ असं लिहिलेलं आणि आत खरे गेम पाच-सहाच, तेच पुन्हा पुन्हा. कॉन्ट्रा, मारियो, टँक, सर्कस, रोड फायटर. चालली नाही की काढायची, फुंकायची, परत लावायची. एका जणाची कॅसेट फुटली तेव्हा मी आत पाहिलं होतं: हिरवी पट्टी, साठ पिना, आणि मधोमध डांबराच्या थेंबासारखा काळा गोळा. त्या गोळ्याखाली सगळा मारियो होता. माय ओरडायची, "किती येळ खेळायलास, डोळे जातील," आणि तिचं ओरडणं पुरं व्हायच्या आधी लाईट जायची.

त्या पिवळ्या कॅसेटवर बनवणाऱ्याचं नाव नव्हतं. कॉन्ट्रा कोनामीचा आहे हे आम्ही फार उशिरा समजलो. २०१९ मध्ये कॉन्ट्राचा अधिकृत संग्रह आला तेव्हा तो मी विकत घेतला. पस्तीस वर्षांचा झालो होतो आणि ज्यांनी माझं बालपण भरून टाकलं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा एक रुपया दिला. अमेरिकेतल्या किंवा जपानमधल्या माणसासाठी ती री-रिलीज असेल. परभणी, हिंगोली, नांदेडच्या पोरांसाठी ती पहिलीच रिलीज होती. त्यामुळं कुणी म्हणतं की पुन्हा काढू नका, आमच्या कपाटाचा भाव जातो, तेव्हा मला ते फार लागतं.

पुन्हा न काढण्याचं नुकसान मी खिशातूनही सोसलंय. ‘अर्थबाउंड’ अमेरिकेत १९९५ ला आला आणि त्यानंतर २०१३ पर्यंत तिथं पुन्हा आलाच नाही. २०१२ मध्ये मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून त्याची सुपर निन्टेन्डोची कॅसेट नऊ हजाराला घेतली. स्टिकर सुंदर, प्लास्टिकचा रंगही बरोबर. पण सेव्ह केलेला गेम दुसऱ्या दिवशी राहीना. कॅसेटचे स्क्रू साध्या पेचकसानं निघत नाहीत, त्याला वेगळा बिट लागतो, तो मुंबईहून मागवला. उघडलं तर सेव्ह धरून ठेवणारी गोल बॅटरी जिथं हवी ती जागा रिकामी, पट्टीवर निन्टेन्डोचं नाव नाही, आणि मधोमध तोच काळा डांबराचा थेंब. अठरा वर्षांनी पुन्हा भेटला. विक्रेत्यानं फोन उचलणं बंद केलं. ते पैसे गेले, त्याहून जास्त वाईट वाटलं ते बायकोला ‘खरी आहे’ म्हणून कौतुकानं दाखवल्याचं.

नकली कॅसेटवाल्यांचं दुकान चालतं ते अशा माणसांवर, ज्यांना खेळायची भूक असते आणि पारख नसते. तो गेम २०२२ मध्ये स्विचच्या सबस्क्रिप्शनमध्ये आला. स्विच तेव्हा भारतात अधिकृतपणे विकला जात नव्हता, ग्रे मार्केटमधून घ्यावा लागला, तरीही मी तो गेम शेवटपर्यंत खेळलो. आज मूळ कॅसेटचे भाव ऐकून घाम फुटत नाही. ज्याला ती कपाटात हवी तो घेईल, आणि असा माणूस आधी कॅसेट उघडून बघेल.

व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०१० च्या आधी अमेरिकेत आलेल्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात कुठल्याही रूपात मिळत नव्हते. म्हणजे आपण ज्या री-रिलीजला घाबरतो ती शंभरातल्या तेरांच्या वाट्याला येते. बाकीच्यांचं काय होतं ते ‘पँझर ड्रॅगून सागा’त दिसतं. सेगा सॅटर्नवरचा १९९८ चा गेम, चार डिस्कचा. मूळ सोर्स कोड हरवल्याचं सांगितलं जातं, पुन्हा कधी निघाला नाही, आणि चांगली प्रत घ्यायची तर मोटारसायकलच्या हप्त्यासारखा विचार करावा लागतो. आपल्या शेजारचंही एक उदाहरण आहे. हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजनं २००९ मध्ये प्लेस्टेशन २ साठी ‘हनुमान: बॉय वॉरियर’ केला. गेम म्हणून तो कच्चा होता, पण आपल्या माणसांनी कन्सोलवर मारलेली ती सुरुवातीची उडी होती. कुणाकडं त्याची डिस्क असेल तर जपा.

मित्रानं ती प्रत विकली नाही. गेल्या महिन्यात मी त्याच्याकडं गेलो होतो. त्याचा मोठा पोरगा टीव्हीवर नवा ‘सुइकोडेन’ खेळत होता आणि जुन्या डब्यातली पुस्तिका गादीवर उघडी होती. पोरानं कुठल्या तरी पात्राचं नाव वाचलं, पानाचा कोपरा दुमडणार तेवढ्यात बाप ओरडला, "अरे हळू, हळू!" पण खण उघडा होता. मी काही बोललो नाही.

आता एक विनंती. सामुराई, मीडिया, लिटल मास्टर यांची री-रिलीज कुणीही काढणार नाही. त्या पिवळ्या कॅसेट कुणी हक्कानं काढलेल्याच नव्हत्या. त्यांचे खोके, हमीपत्रं, दुकानदाराच्या शिक्क्याची पावती, टीव्हीला लावायची वायर कशी जोडायची ते सांगणारा कागद, हे सगळं माळ्यावर आहे आणि दर दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याकडं चाललंय. परभणी, जालना, बीड, लातूर, धाराशिव, हिंगोली, नांदेड, संभाजीनगर, कुणाच्याही घरी असं काही असेल तर फेकू नका. खालीच फोटो टाका, पावती असेल तर तारीख दिसेल असा काढा. मला विकत घ्यायचं नाहीये. कुठल्या गावात कुठला मॉडेल कोणत्या साली पोचला, एवढी एक वही मी भरतोय. परभणीचं पान झालंय, हिंगोलीचं पूर्ण कोरं आहे.