बदकाची किंमत मला विचारू नका

आज सकाळी दूध आणायला गेले होते, तिथे वाडीतल्या एका काकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "अगो, ता बदाक अजून जित्ता आसा? तेव्हाच कापलेला असता तर रस्सो तरी झालो असतो." सगळे हसले. वयाचा मान म्हणून मी गप्प बसले, पिशवी उचलली नि घरी आले, पण दुपार झाली तरी डोकं शांत होईना म्हणून इथे लिहितेय. तुम्ही सगळे मला ओळखता, तुम्हाला वेगळं समजावून सांगायला नको.

शेवंती आमच्या परसातली बदकीण. भातकापणीच्या दिवसात भर दुपारी मुंगसाने धरली तिला. माडाच्या आळ्यात चिखल चिवडत होती नेहमीसारखी. बाकीच्या माद्यांनी एकच गिल्ला केला (बदकांमध्ये मोठ्याने ओरडतात त्या माद्याच, नराचा आवाज घोगरा, दबका असतो) आणि सासूबाई खराटा घेऊन धावल्या तेव्हा मुंगसाने सोडलं. मानेच्या मागची कातडी फाटलेली, पाठीवर दात लागलेले, एक पंख लोंबतोय. मी उचलली तर चोच उघडी टाकून धापा टाकत होती नि डोळे अर्धे मिटलेले. लगेच तिघेजण बोलले, नाही वाचत, आताच सुरी फिरवा.

का पण? जीव आहे ना अजून तिच्यात? गाय आजारी पडली तर कोणी असं म्हणतं का? मग बदकाला काय दुखत नाही?

गुरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथे एकाने पिशवीत न डोकावताच सांगितलं, पाचशेचं बदक, हजाराचं औषध, परवडतं काय तुम्हाला? राग आला, पण त्यापेक्षा वाईट वाटलं. 2019 च्या पशुगणनेत देशात परसातल्या कोंबड्या-बदकं 31 कोटींच्या वर मोजली आहेत. एवढे पक्षी लोकांच्या अंगणात फिरतायत, बायकांच्या हातात अंड्यांचे चार पैसे येतायत, सरकार पिल्लं वाटतंय, आणि त्यातलं एक जखमी झालं की सगळ्यांकडे एकच औषध, सुरी. शेवटी ओळखीतून एका तरुण डॉक्टरांचा नंबर मिळाला, त्यांनी आधी फोटो मागितले, मग स्वतः येऊन बघितलं. पाठीजवळची कातडी बोटाने दाबून बघत होते, म्हणाले पक्ष्यांच्या अंगात हवेच्या पिशव्या असतात, दात तिथपर्यंत गेला असेल तर हवा कातडीखाली शिरते, कातडी फुगते नि दाबली की चुरचुरते. तिचं तसं नव्हतं. त्यांनी वजन करून त्या हिशोबाने अँटिबायोटिक आणि दुखण्याचं औषध दिलं. वरून दिसतं छोटं भोक पण दाताबरोबर घाण आत खोल जाते, त्यामुळे चावलेल्या जखमेला नुसतं वरून मलम फासून भागत नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. आणि कोर्स चालू असेपर्यंत नि संपल्यावरही मी सांगेन तोवर तिची अंडी खायची नाहीत म्हणाले.

सल्ले देणारे मात्र फुकट चिक्कार. कोणी म्हणे तंबाखू भर, कोणी म्हणे रॉकेल ओत, अळ्या पडत नाहीत. अरे, उघड्या मांसावर रॉकेल? स्वतःच्या पायाला लागलं तर ओताल? एकीने सांगितलं पाण्यात सोड, बदकच ते, बरं वाटेल तिला. नाही सोडायचं. जखम बंद होईपर्यंत पोहणं बंद, पाण्यातली सगळी घाण आत जाते. फक्त चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल एवढं खोल भांडं जवळ पाहिजे, कारण बदक पाण्याशिवाय धड गिळू शकत नाही नि नाकडोळेही त्यातच साफ करतं. आणि मान टाकलेल्या पक्ष्याच्या चोचीत पाणी ओतू नका हो, सरळ श्वासात जातं नि वाचणारा जीव जातो. आधी ऊब, काळोख आणि शांतता, बाकी सगळं नंतर.

आम्ही काय केलं ते लिहिते, कोणाला तरी उपयोग होईल. जखमेभोवतीची पिसं कात्रीने बारीक कापली, मेडिकलमधून सलाईनची बाटली आणून सुई काढलेल्या सिरिंजने आतपर्यंत धुतलं, बीटाडीन फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावलं. माश्यांनी अंडी घातली की अळ्या पडायला वेळ लागत नाही, म्हणून मागच्या पडवीत खोका ठेवून त्यावर नातवंडांची जुनी मच्छरदाणी टाकली. सासूबाईंनीच काढून दिली. ज्या सासूबाई पहिल्या दिवशी "नाही गो वाचत" म्हणत होत्या, त्याच रात्री उठून बॅटरी मारून बघायच्या.

आणि तरीही ती खाईना. औषध पोटात, जखम साफ, पण खायचं नाव नाही, भिंतीकडे तोंड करून बसायची. मग सासूबाई म्हणाल्या, हिला एकटं वाटतंय, तिचो घोव आणा. नराला जाळीच्या पलीकडे आणून बसवला, चोची मारू नयेत म्हणून मध्ये जाळी. तो रात्रभर तिथेच, जाळीला अंग टेकून. सकाळी तिने कण्यांची पेज नि कोंडा खाल्ला. चार घास असतील. मी चुलीपाशी येऊन रडले, खरंच रडले, आणि हे लिहितानाही गळा दाटतोय. दुधाच्या रांगेत हसणाऱ्यांना हे कसं सांगायचं?

हो, आम्हीही मासे खातो, सणाला कोंबडीवडेही होतात. मान्य. ज्याच्या शेडमध्ये पाचशे पक्षी आहेत तो एकेकाला मांडीवर घेऊन बसू शकत नाही, तेही मान्य, त्याचं पोट आहे त्यावर. पण माझ्या दारात जे हाक मारल्यावर धावत येतं त्याचा हिशोब मी तसा करणार नाही. पाळलं ना आपण? मग त्याचं दुखणंही आपलंच.

आता दुसरी गोष्ट, आणि ही जास्त रागाने लिहितेय. शेवंतीला धरल्यावर संध्याकाळीच एकजण तार घेऊन आला, कुंपणाला फासकी लावूया म्हणाला, मुंगूस संपवूनच टाकू. मी हाकलला. ज्याला लहानपणी आपण "मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ" म्हणत मागे धावायचो त्याचा गळा तारेत आवळायचा? त्याचंही पोट आहे, परसातले उंदीर, साप तोच खातो. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, आणि फासकी काय नाव वाचून अडकवते? कोकणात याच तारांमध्ये बिबटे अडकून तडफडून मेलेत. मुंगसाने त्याच्या भुकेने केलं ते केलं. आम्ही कुंपणाला खालपासून बारीक जाळी मारली, दीड वीत जमिनीत पुरली, खुराड्याला घट्ट कडी बसवली. एवढं केलं की पुरतं, कोणाला मारावं लागत नाही.

शेवंतीच्या मानेवर आता नवीन पिसांचे कोंब फुटलेत, पंख थोडा खाली राहतो पण चालते नि अंगणात सगळ्यांच्या पुढे असते. काल टबात सोडली तर बाहेर यायलाच तयार नव्हती. काकांना रस्सा हवा असेल तर बाजारात कोंबडी मिळते, माझ्या दारात येऊन विचारू नका, पुढच्या वेळी वयाचा मान राहणार नाही.

आणि खरंच विचारतेय, कुडाळ, सावंतवाडी, मालवण बाजूला कोंबड्या-बदकं मनापासून बघणारे डॉक्टर कोणाला माहीत असतील तर कमेंटमध्ये लिहा. 1962 वर फोन केला तर फिरत्या दवाखान्याची गाडी येते, तेही वाडीत सांगून ठेवा, अनेकांना हा नंबरच माहीत नाही.