सातशे ग्रॅम तूरडाळ

सातशे ग्रॅम तूरडाळ कापडी पिशवीत शिवून, ती पँटच्या पट्ट्यात आतून खोचून मी एक अख्खा दिवस मोंढ्यात फिरलोय. हसू नका. सकाळी नऊला खोचली, अकरापर्यंत पँट उजव्या बाजूनं दोन बोटं खाली. हिशेबाची पट्टी लिहायला गादीवर बसलो की पिशवी बरगडीत घुसायची, उठलो की शर्ट तिथेच अडकून राहायचा. दुपारी दुकानातला हमाल म्हणतो, "शेठ, हर्नियाचं दाखवून घ्या एकदा." संध्याकाळी घरी पिशवी काढून ओट्यावर ठेवली तर बायको म्हणते, "अहो, आता आपल्याच दुकानातून डाळ चोरून आणायला लागलात का?"

हा सगळा उद्योग 'प्रबल'साठी. 18 ऑगस्ट 2023 ला कानपूरच्या सरकारी कंपनीनं हे नवीन रिव्हॉल्व्हर आणलं, तेव्हा महिनाभर आधीपासून मी बातम्या चाळत होतो. हलकं, आटोपशीर, पर्समध्येसुद्धा मावेल, असं सगळे छापत होते. वाटलं, आलं बुवा एकदाचं. मग आकडे आले. काडतुसांशिवाय वजन 700 ग्रॅम. नळी 76 मिलिमीटर, एकूण लांबी 177.6 मिलिमीटर. सुताराकडून त्या मापाची सागाची फळी कापून घेतली आणि खिशात घालून बघितली. अर्धी आत, अर्धी बाहेर. पर्समध्ये मावेल म्हणे. कुणाच्या? आमच्या मावशी पंढरीला जाताना नेतात त्या पिशवीत मावेल, डब्यासकट.

मी अडत्या आहे. सोयाबीनच्या हंगामात शेतकऱ्याला रोख द्यावी लागते आणि ती रोख बँकेतून दुकानात माझीच मला आणावी लागते. वडिलांना परवाना होता, नंतर मला मिळाला. त्यांचं जुनं .32 बोअरचं, म्हणजे तेवढ्या इंच मापाच्या नळीचं, रिव्हॉल्व्हर अजून माझ्याकडे आहे, मानेतून मोडून उघडायचं, जुन्या इंग्रजी वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या वळणाचं. पट्ट्याला लावलं की शर्टाखाली गळू आल्यासारखं दिसतं. गेली पंधरा वर्षं माझं एकच म्हणणं आहे. मला ते कुणाला दिसायला नकोय. बस. बँकेच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला माझ्याकडे काय आहे हे कळलंच नाही, तर माझं काम झालं.

आणि हे म्हणणं जगात एकाही माणसाला समजत नाही.

बातम्यांचंच घ्या. सगळ्यांनी एकच गोष्ट ठळक अक्षरात छापली, पन्नास मीटरचा पल्ला! अरे, पन्नास मीटर म्हणजे माझ्या दुकानापासून हमाल भवनाच्या पलीकडे. तिथल्या माणसाला मी गोळी घातली तर न्यायाधीश पहिलं हेच विचारतील की शेठ, तो इतका लांब होता तर तुम्ही पळाला का नाहीत? स्वसंरक्षणाची कलमं भारतीय न्याय संहितेत 34 ते 44 अशी अकरा आहेत. पन्नास मीटरवरच्या माणसाच्या भीतीला त्यांत जागा कशी शोधायची, हे बातमी लिहिणाऱ्यानंच सांगावं.

दुसरा गाजावाजा, काडतुसांची चकरी बाजूला उघडते म्हणून. देशात पहिल्यांदाच! हे वाचून मी खरोखर कपाळाला हात लावला. बाजूला उघडणारी चकरी अमेरिकेत कोल्ट कंपनीनं 1889 मध्ये आणली. स्मिथ अँड वेसननं 1896 मध्ये. आणि 1896 च्या त्या रिव्हॉल्व्हरसोबत जे नवं काडतूस त्यांनी बाजारात काढलं, तेच हे .32 लाँग, जे आज आम्हाला मिळतं. म्हणजे टिळक मंडालेला जायच्या बारा वर्षं आधीची चकरी आणि तेव्हाचंच काडतूस, 2023 मध्ये 'नवीन' म्हणून. त्याच स्मिथ अँड वेसनची ॲल्युमिनियमची छोटी रिव्हॉल्व्हरं सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास भरतात, तीही .38 ची. पण .38 आपल्याकडे निषिद्ध बोअर, म्हणजे साध्या परवान्यावर मिळत नाही, 9 एमएमही निषिद्ध, आणि सामान्य माणसाला बाहेरून मागवायची सोय कित्येक वर्षांपूर्वीच बंद. मग राहिलं काय? कानपूर जे देईल ते, आणि आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं काडतूस, बुडावर 'केएफ' ठोकलेलं. काडतुसाबद्दल माझी तक्रार नाही हं. शंभर वर्षांचं म्हातारं असलं तरी गुणी आहे, हाताला धक्का कमी देतं.

बरं, हलकं करता येतच नाही असंही नाही. 2014 मध्ये 'निर्भीक' काढलं तेव्हा टायटॅनियमचा मिश्रधातू वापरून वजन अर्ध्या किलोच्या आसपास आणलंच होतं की! किंमत 1 लाख 22 हजार आणि वर काही, आणि वेष्टन म्हणजे दागिन्यांची मखमली डबी. ती डबी बघितली तेव्हाच मला कळायला हवं होतं. ही मंडळी दागिना विकतायत. दागिना झाकून कोण घालतं?

तरी मी दुकानदाराकडे गेलो, म्हटलं हातात तरी घेऊन बघू. जिल्ह्याच्या ठिकाणी आमचा नेहमीचा एक आहे. आधी आठ महिने "पुढच्या आठवड्यात येतंय शेठ". मग एकदा बोलावून चहा पाजला आणि भलतंच काहीतरी काढलं, चकचकीत, आरशासारखं. मी म्हटलं, मला काळं, मळकं, चमकणारं नसलेलं पाहिजे, शर्टाखाली राहील असं. तो माझ्याकडे असा बघायला लागला जणू मी लग्नासाठी विटका शालू मागतोय. "शेठ, एवढा खर्च करून लपवून ठेवणार?" त्याचं तरी काय चुकतं म्हणा. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे पांढरा कडक शर्ट, कमरेला कातडी पाकीट, मुद्दाम शर्टाच्या बाहेर, आणि लग्नाच्या वरातीत हवेत दोन बार. शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर असा बार काढण्याला दोन वर्षं कैद किंवा लाखाचा दंड होऊ शकतो, पण वरातीतल्या साहेबांना कोण सांगणार?

त्याच दुरुस्तीत परवान्यावर तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवली. माझ्याकडे वडिलांची बारा बोअरची बंदूक आणि हे जुनं .32, हिशेब पूर्ण. नवीन घ्यायचं तर एक विकायचं, विकायला परवानगी, परवानगीला अर्ज, अर्जाला झेरॉक्स, आणि टेबलावरचे साहेब जेवायला गेलेले.

पण खरी गंमत पुढेच आहे. समजा मिळालं मला हवं तसं, तळहाताएवढं, शर्टाखाली न दिसणारं. निवडणूक आली की ते ठाण्यात जमा. 2024 मध्ये लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली, निकाल 4 जूनला. विधानसभेची 15 ऑक्टोबरला, निकाल 23 नोव्हेंबरला. वर निकालानंतरचा आठवडा धरा. वर्षातले चार महिने माझं शस्त्र मालखान्यात. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे नेमकी सोयाबीनची आवक, नेमकी रोख नेण्याची वेळ! पुढच्या वर्षी नगरपालिका आल्या, पुन्हा तेच. निवडणूक आयोगाच्याच सूचनांत लिहिलंय की छाननी समितीनं एकेकाचं बघून ठरवावं, सरसकट गोळा करू नये. आमच्याकडे समिती कधी बसते आणि काय बघते, देव जाणे. निरोप मात्र सगळ्यांना सारखाच येतो.

आणि निरोप येतो कसा? हवालदार मोटारसायकलवर येतात, भर मोंढ्यात, चहाच्या टपरीसमोर गाडी उभी करून हाळी देतात, "ओ शेठ, तुमची बंदूक अन् ते रिवॉल्वर उद्या आणून टाका बरं का!" टपरीवर पंधरा माणसं. त्यातले चार मला ओळखत नाहीत, पण आता त्यांना पक्कं ठाऊक की या शेठकडे रिव्हॉल्व्हर आहे, आणि हेही ठाऊक की उद्यापासून नसणार.

पंधरा वर्षं मी जे झाकायला धडपडतोय, ते हवालदारसाहेब एका वाक्यात उघडं करून, वर माझ्याच खात्यावर एक स्पेशल चहा मारून जातात.

परवा दुकानदाराचा फोन आला. "शेठ, तुमच्यासाठी खास बाजूला काढून ठेवलंय. शिसवी मूठ बसवून देतो, पाहुण्यांत काय उठून दिसेल!" मी फोन ठेवला. तुरीची ती पिशवी अजून कपाटात आहे. बायको म्हणते, किडे पडायच्या आत शिजवून टाकू.