आत्याची गोळी आणि इलेक्ट्रॉनच्या वाटा

रविवारी सदाशिव पेठेत आत्याकडे गेलो. चहाचं आधण ठेवायच्या आतच तिने मोबाइल पुढे केला. "हे वाच आणि सांग, बीपीची गोळी सोडली तर चालेल ना रे?" टेबलावर वारांच्या कप्प्यांची डबी. गुरुवारपासूनच्या गोळ्या जिथल्या तिथे!

फॉरवर्ड असा: कण सगळ्या वाटांनी एकाच वेळी जातो हे सिद्ध करून भौतिकशास्त्रज्ञ फाइनमनने नोबेल मिळवलं, ज्या वाटेचा दृढ विचार कराल ती खरी होते, तुम्ही पाहिलं की वास्तव बदलतं, तेव्हा निरोगी वाट निवडा, औषधं सोडा. खाली शिबिराची फी.

त्याचं 1965 चं नोबेल क्वांटम इलेक्ट्रोडायनॅमिक्ससाठी, म्हणजे प्रकाश आणि इलेक्ट्रॉन यांच्या देवघेवीच्या सिद्धान्तासाठी होतं, तेही श्विंगर आणि टोमोनागा यांच्यासोबत. पुढे.

'सगळ्या वाटा' हे निम्मं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. फाइनमनच्या 1948 च्या शोधनिबंधात इथून तिथे जायची प्रत्येक वाट, अगदी वेडीवाकडीसुद्धा, हिशेबात येते. यालाच पाथ इंटिग्रल म्हणतात. प्रत्येक वाटेचा एक बाण समजा. लांबी सगळ्यांची सारखीच, दिशा वेगळी. दिशा ठरते त्या वाटेच्या 'अ‍ॅक्शन'वरून: क्षणाक्षणाला गतिज ऊर्जेतून स्थितिज ऊर्जा वजा करायची आणि सगळ्याची बेरीज. मग बाण एकापुढे एक जोडायचे. जे अंतर निघेल त्याच्या वर्गावरून संभाव्यता. आता यात दृढ विचार घालायचा कुठे? कुणाचाच बाण लांब होत नाही. आणि वाट निवडायची नसतेच, सगळ्या मोजायच्या असतात!

तीच गोळी घ्या. 100 मिलिग्रॅमची, हातातून निसटून मीटरभर खाली पडली. अ‍ॅक्शन साधारण 0.0003 ज्यूल-सेकंद. दिशा काढायला तिला ज्या स्थिरांकाने भागायचं, त्यात दशांशचिन्हानंतर 33 शून्यं आणि मग 1. त्यामुळे वाट केसभर सरकली तरी बाण अब्जावधी वेळा गरगरतो. असे बाण एकमेकांना खोडतात. जुळतात ते फक्त सरळ खाली येणाऱ्या वाटेला अगदी चिकटलेले. गोळी फरशीवरच पडते, आत्याने कितीही सद्भावना धरली तरी. रक्तवाहिन्याही काही इलेक्ट्रॉनएवढ्या नसतात.

राहिलं 'पाहणं'. त्यासाठी मनाची गरज नसते, कण टिपणारं निर्जीव यंत्र, म्हणजे डिटेक्टरही पुरतो.

आत्याने माझ्यासमोर रविवारची गोळी घेतली. राहिलेल्या तिनांचं काय, ते डॉक्टरांना फोन करून विचारलं. हे सगळं मी तिच्या भिशीच्या ग्रुपवरही टाकलं. उत्तरादाखल दोन जोडलेले हात आले, आणि खाली पुन्हा तेच फॉरवर्ड.