‘तेवढ्या पैशांत बीएमडब्ल्यू येते’: ऑक्टाव्हिया आरएसवरच्या आक्षेपांना उत्तर

ऑक्टोबर 2025 मध्ये स्कोडाने आपल्या ऑक्टाव्हियाची वेगवान आवृत्ती, ऑक्टाव्हिया आरएस, पुन्हा भारतात आणली, तेव्हापासून एक मजकूर थोड्याफार फरकाने सगळीकडे फिरतो आहे. त्याचा आशय असा: ‘पन्नास लाख रुपये, तेही स्कोडाला? तेवढ्या पैशांत बीएमडब्ल्यू येते. आरएस ही पुढच्या चाकांवर चालणारी कौटुंबिक गाडी आहे, तिला खरी स्पोर्ट्स सेडान म्हणता येत नाही. सर्वसामान्य कंपनीने प्रीमियम कंपन्यांशी बरोबरी करायला जाऊ नये. फोक्सवॅगनच्या फेटनचे आणि कियाच्या स्टिंगरचे काय झाले ते पाहा. आणि उद्या विकायला काढली तर हिला विचारणार कोण?’ या मजकुरातले एक-दोन मुद्दे विचारात घेण्यासारखे आहेत, बाकीचे तपासून पाहिले तर टिकत नाहीत. परंतु ते सगळे एकाच दमात, एकाच निकालासाठी मांडलेले असल्यामुळे वाचणाऱ्याला त्यांतले खरे कोणते आणि खोटे कोणते हे वेगळे करता येत नाही. म्हणून ते एकेक करून पाहू.

आधी गाडीची माहिती. शोरूम किंमत 49.99 लाख रुपये. दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, 265 अश्वशक्ती, 370 न्यूटन-मीटर टॉर्क, सात गिअरचा, आपोआप गिअर बदलणारा डीएसजी गिअरबॉक्स, शून्य ते शंभर किलोमीटरचा वेग 6.4 सेकंदांत. देशासाठी फक्त 100 गाड्या पूर्ण तयार स्थितीत आयात झाल्या आणि त्या नोंदणी सुरू होताच संपल्या.

‘तेवढ्या पैशांत बीएमडब्ल्यू येते’ हे विधान अक्षरशः खरे आहे, आणि त्यातच त्याची मेख आहे, कारण कोणती बीएमडब्ल्यू येते हे त्यात सांगितलेले नसते. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मागच्या चाकांवर चालणारी, अधिक महाग थ्री सिरीज उभी राहते. प्रत्यक्षात पन्नास लाखांच्या आत येणारी सेडान म्हणजे टू सिरीज ग्रान कूपे, जी जुलै 2025 मध्ये 46.90 लाखांपासून बाजारात आली. तिला दीड लिटरचे, तीन सिलिंडरचे, 156 अश्वशक्तीचे इंजिन आहे आणि शंभरचा वेग गाठायला ती 8.6 सेकंद घेते. मर्सिडीजची ए-क्लास लिमोझिन घ्यावी तर तिचे पेट्रोल इंजिन 1.3 लिटरचे आणि 163 अश्वशक्तीचे; ते रेनोच्या सहकार्याने विकसित झालेले असून त्याच घराण्यातले इंजिन 2020 मध्ये आपल्याकडच्या डस्टरमध्येही आले होते. ऑडी ए4 या तिघींत सर्वांत समर्थ आहे: दोन लिटर, 204 अश्वशक्ती, शंभरचा वेग 7.1 सेकंदांत. यांतली एकही गाडी वाईट नाही. ए4 चा शांतपणा आणि खड्ड्यांवरून जातानाचा तिचा संयम आरएसला नाही, हे मी विनाअट मान्य करतो. मात्र विषय वेगवान, चालवायला चांगल्या सेडानचा असेल, तर या किमतीच्या प्रीमियम गाड्या आरएसच्या मागे आहेत, आणि तेही थोड्याथोडक्या अंतराने नव्हे.

आरएसला वेगात खऱ्या अर्थाने तोडीस तोड असलेली बीएमडब्ल्यू म्हणजे थ्री सिरीजमधली 330एलआय: 258 अश्वशक्ती, 400 न्यूटन-मीटर, 6.2 सेकंद. तिची शोरूम किंमत फेब्रुवारी 2025 मध्ये 62.60 लाख होती. म्हणजे ज्या कामगिरीसाठी बीएमडब्ल्यू बासष्ट लाख घेत होती, जवळपास तीच कामगिरी स्कोडाने पन्नास लाखांत दिली. फिरणारा मजकूर हा हिशेब मांडत नाही.

येथे एक गोष्ट मात्र आरएसच्या चाहत्यांनीही प्रामाणिकपणे बोलली पाहिजे. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला, ती व्यक्तीच्या नावावर असेल तर, 13 टक्के एकरकमी कर लागतो. आयात केलेल्या गाडीला 20 टक्के. आरएसवर हा कर दहा लाखांच्या घरात जातो, म्हणजे विमा धरून पुण्या-मुंबईत ती साठ लाखांच्या पुढे पडते. चेन्नईत जुळवलेली टू सिरीज त्या मानाने बरीच कमी पडते, आणि 330एलआयशी असलेले अंतरही थोडे घटते. किमतीचा मुद्दा मांडायचाच होता, तर तो येथे मांडायला हवा होता.

आता पुढच्या चाकांचा आक्षेप. तो अशा ठामपणे केला जातो, जणू समोरच्या तिन्ही जर्मन गाड्या मागच्या चाकांवर चालतात. टू सिरीज ग्रान कूपे पुढच्या चाकांवर चालते. तिचा सांगाडा बीएमडब्ल्यू आपल्या मिनी गाड्यांनाही वापरते. ए-क्लास लिमोझिन पुढच्या चाकांवर चालते. भारतात मिळणारी ए4 सुद्धा पुढच्याच चाकांवर चालते, कारण चारही चाकांना ताकद देणारी ऑडीची नावाजलेली क्वाट्रो प्रणाली तिच्यात दिलेली नाही. तेव्हा पुढची चाके हा दोष असेल तर तो चौघींचा सारखाच आहे, आणि त्यावर गांभीर्याने उपाय केलेली गाडी त्यांत एकच आहे.

तो उपाय काय आहे हे समजून घेण्यासारखे आहे. पावसाळ्यात आंबेनळी घाटातले एखादे तीव्र वळण घ्या. गाडी वळणात असते तेव्हा वजन बाहेरच्या चाकांवर झुकते आणि आतले पुढचे चाक हलके होते. वळणातून बाहेर पडताना चालकाने ॲक्सिलरेटर दाबला, की साध्या डिफरन्शियलमध्ये (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या यंत्रणेत) ताकद त्या हलक्या चाकाकडे वाहून जाते. ते ओल्या रस्त्यावर नुसते गरगरते, गाडीचे नाक वळणाबाहेर सरकू लागते, आणि मग चाकांचे घसरणे रोखणारी ट्रॅक्शन कंट्रोल यंत्रणा इंजिनचा गळा आवळते. आरएसमध्ये डिफरन्शियल आणि उजव्या चाकाचा दांडा यांच्यामध्ये अनेक चकत्यांचा एक क्लच बसवलेला आहे. संगणकाच्या हुकुमाने तेलाच्या दाबावर तो आवळला जातो, आतल्या चाकाचे फुकट फिरणे थांबते आणि ताकद बाहेरच्या, जमीन घट्ट धरलेल्या चाकाकडे जाते. त्यामुळे नाक बाहेर जाण्याऐवजी वळणाच्या आत ओढले जाते. ब्रेक चिमटून हाच परिणाम साधण्याची स्वस्त युक्ती पुष्कळ गाड्यांत असते, पण ती वेग मारून काम करते. क्लच वेग न मारता ते करतो. 265 अश्वशक्ती दोनच चाकांतून उतरवायची तर असे काहीतरी करणे भागच होते, आणि कंपनीने ते केले आहे.

मागच्या चाकांच्या गाडीचे सुकाणू अधिक निर्मळ असते, हे खरेच. पुढची चाके फक्त वळवण्याचे काम करतात, ढकलण्याचे काम मागची करतात. त्या विभागणीचे सुख थ्री सिरीजमध्ये हाताला जाणवते आणि आरएसमध्ये ते कधीही तसे येणार नाही. त्याहीपुढे थ्री सिरीजचीच एम340आय आहे: तीन लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन, चारही चाकांना ताकद, शंभरचा वेग 4.4 सेकंदांत, किंमत पाऊणकोटीच्या आसपास. तिच्याशी आरएसची बरोबरी सांगणारे चाहते चुकतात, आणि त्यांच्या अतिशयोक्तीमुळेच विरोधकांचे फावते. आरएसची स्पर्धा प्रीमियम कंपन्यांच्या पहिल्या दोन पायऱ्यांशी आहे. त्यांच्या वरच्या पायऱ्यांशी नाही.

रोजच्या वापराचा मुद्दा त्या मजकुरात नाही, पण असायला हवा होता. आरएस नेहमीच्या ऑक्टाव्हियापेक्षा 15 मिलिमीटर खाली बसते आणि तिचे टायर 225/40 आर19 मापाचे आहेत. टायरच्या बाजूवर कोरलेला हा 40 म्हणजे रुंदीच्या चाळीस टक्के उंची; म्हणजे रस्ता आणि मिश्रधातूची रिम यांच्यामध्ये केवळ 90 मिलिमीटर रबर. समृद्धी महामार्गावर ताशी 120 च्या मर्यादेत ही गाडी अत्यंत सुखाने जाईल, पण त्याच महामार्गावरून उतरून तालुक्याच्या गावाकडे वळले की प्रत्येक खड्ड्याला चालकाचा जीव रिममध्ये अडकलेला राहील. दुसऱ्या बाजूला, तिची डिकी 600 लिटरची आहे आणि मागची काच झाकणासकट वर उचलली जाते, त्यामुळे चार माणसांचे लग्नाचे सामान त्यात सहज मावते. या किमतीच्या तिन्ही जर्मन सेडान येथे तिच्या जवळपासही येत नाहीत. ‘कौटुंबिक गाडी’ हा शब्द हिणवण्यासाठी वापरला जातो; माझ्या मते ती आरएसची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

फेटन आणि स्टिंगर ही उदाहरणे मला सर्वांत कच्ची वाटतात. फेटन 2002 ते 2016 या काळात निघाली आणि विक्रीत पडली, यात वाद नाही. मात्र तिने ज्या वर्गात उडी घेतली तो मर्सिडीज एस-क्लासचा वर्ग होता. तिथे गाडीची मागची आसनव्यवस्था आणि समाजातले वजन विकले जाते. शिवाय ती गाडी म्हणून कमी पडली असेही नाही, कारण तिचाच पाया पुढे बेंटलीच्या काँटिनेंटल जीटीला चालला. स्टिंगरची गोष्ट आणखी वेगळी आहे. 2017 मध्ये ती आली तेव्हा कियाने तिच्यासाठी ऑडीतून आलेल्या पीटर श्रायर यांचे रेखाटन-नेतृत्व आणि बीएमडब्ल्यूच्या वेगवान गाड्या घडवणाऱ्या एम विभागातून आलेल्या आल्बर्ट बीअरमन यांचे अभियांत्रिकी ज्ञान पणाला लावले होते. मागच्या चाकांवर चालणारी, 3.3 लिटर व्ही6 इंजिनाची ती गाडी चालवायला खरोखर उत्तम होती. 2023 मध्ये ती बंद झाली. तिला पूर्वपरंपरा नव्हती, ग्राहकाला कियाकडे अशी गाडी मागायला जाण्याची सवय नव्हती, आणि तोवर मोठ्या सेडानचा गिऱ्हाईक एसयूव्हीकडे आणि विजेच्या गाड्यांकडे वळलेला होता. गाडी निकृष्ट होती म्हणून ती पडली, असा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही.

ऑक्टाव्हिया आरएसच्या पाठीशी परंपरा आहे. आरएस ही अक्षरे स्कोडाने 1970 च्या दशकात रॅलीच्या गाड्यांना लावली; युरोपात ऑक्टाव्हिया आरएस चार पिढ्या सलग विकली जाते आहे. आपल्याकडेही ती 2004 पासून येत-जात राहिली आहे. नवी कल्पना घेऊन प्रीमियमच्या दारात उभ्या राहिलेल्या स्टिंगरशी तिची तुलना करणे म्हणजे दोन वेगळ्या गोष्टींना एकाच मापाने मोजणे आहे.

पुनर्विक्रीच्या किमतीबद्दल थोडक्यात. 2017 ची आरएस 230 आणि 2020 ची आरएस 245 या जुन्या गाड्यांना वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात मागणी चांगली राहिली आहे, कारण त्या मोजक्याच आहेत आणि त्यांच्या जागी दुसरी गाडी मिळत नाही. तेव्हा ‘विचारणार कोण’ हा प्रश्न गैरलागू आहे. देखभालीची काळजी मात्र रास्त आहे: देशात शंभरच गाड्या असताना त्यांचा खास बंपर किंवा हेडलाइट कोणताही विक्रेता गोदामात ठेवून बसणार नाही, आणि एखादी किरकोळ धडक गाडीला कित्येक आठवडे उभी करू शकते.

राहिला बरोबरीचा मूळ प्रश्न, आणि तिथे माझी तक्रार त्या मजकुराइतकीच कंपनीबद्दलही आहे. 2016 मध्ये ऑडी ए4 भारतात आली ती 1.4 लिटर, 150 अश्वशक्तीच्या इंजिनासह, 38.10 लाखांना. पुढच्याच वर्षी 230 अश्वशक्तीची ऑक्टाव्हिया आरएस आली, 24.62 लाखांना. दोन्ही गाड्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत जुळवल्या जात होत्या. 2021 मध्ये पुन्हा तसेच झाले: 190 अश्वशक्ती आणि 320 न्यूटन-मीटरची साधी ऑक्टाव्हिया 25.99 लाखांना, आणि तेवढ्याच अश्वशक्तीची, तेवढ्याच टॉर्कची ए4 त्याच वर्षी 42.34 लाखांना, दोन्ही शेंद्र्याच्याच. सर्वसामान्य कंपनीची गाडी प्रीमियमला टक्कर देऊ शकते का, याचे उत्तर त्या वर्षांत बाजाराने दिलेले होते. मराठवाड्यातल्या कामगारांच्या हातांनी ते घडत होते, याचा मला आजही अभिमान वाटतो.

आरएसपुरता मात्र कंपनीने हा मार्ग 2020 च्या आरएस 245 पासूनच सोडला होता. परदेशात मान्यता मिळालेल्या गाड्या वेगळ्या चाचण्यांविना वर्षाला 2,500 पर्यंत आणण्याची मुभा 2018 मध्ये सरकारने दिली होती. तिचा आधार घेऊन 200 गाड्या तयार स्थितीत आल्या आणि किंमत एकदम 35.99 लाखांवर गेली. आता 100 गाड्या आणि 49.99 लाख. चाळीस हजार डॉलरच्या आतल्या आयात गाडीवर 70 टक्के सीमाशुल्क आहे आणि त्यावर 40 टक्के जीएसटी, त्यामुळे ग्राहक मोजतो त्यातला अर्ध्याहून थोडा अधिक वाटा करांचाच असतो. शंभर गाड्या वीस मिनिटांत संपल्या की शंभर दिवसांत, याने ऑडी किंवा बीएमडब्ल्यूच्या विक्रेत्याच्या महिन्याच्या हिशेबात काहीही हलत नाही. आज परिस्थिती अशी आहे की ‘प्रीमियम’ म्हणून मिरवणारी ए4 शेंद्र्यात जुळते आणि ‘सर्वसामान्य’ म्हणून हिणवली जाणारी ऑक्टाव्हिया बोटीने येते. आरएसने प्रीमियम गाड्यांशी कारखान्यातल्या गुणांवर बरोबरी साधलेली आहे. बाजारात ती साधायची असेल, तर कंपनीने ती पुन्हा शेंद्र्यात जुळवायला घेतली पाहिजे, आणि तशी मागणी करणाऱ्या ग्राहकांनी ती नोंदणीच्या रांगेत उभे राहण्याआधी कंपनीकडे लेखी केली पाहिजे.