गळू, सूज आणि चिनी सुई: एका संदेशाचा प्रतिवाद

‘गळू, सेल्युलायटिस (त्वचेखाली पसरणारा जिवाणूसंसर्ग) किंवा पायाची सूज यांवर प्रतिजैविके घेऊ नका, चिनी वनौषधी आणि ॲक्युपंक्चर यांनी हे रोग दोन हजार वर्षे मुळापासून बरे होत आले आहेत, प्रयोगशाळेने ते सिद्ध केले आहे आणि त्यांचे दुष्परिणाम नाहीत,’ असा मजकूर सध्या मोबाइलवर फिरतो आहे. या रोगांतले ‘उष्ण विष’ सुईने उतरते आणि प्रतिजैविकांच्या अतिवापराने जिवाणू त्यांना दाद देईनासे झाले आहेत, असेही त्यात म्हटले आहे. त्यातली काही विधाने अर्धी खरी आहेत, म्हणून एकेक घेऊन पाहिलेले बरे.

दोन हजार वर्षांच्या दाव्याला उत्तर त्याच परंपरेतून मिळते. चिनी वैद्यकाचा आधारग्रंथ ‘ह्वांगदी नैजिंग’ सुयांचे नऊ प्रकार सांगतो. त्यांतल्या पाचव्या सुईचे टोक तलवारीसारखे असून ती पुष्कळ साठलेला पू काढण्यासाठी आहे. आज ॲक्युपंक्चरमध्ये टोचतात ती बारीक सुई सातवी, तिच्या टोकाला ग्रंथकार डासाच्या सोंडेची उपमा देतो. म्हणजे गळवासाठी सांगितलेली सुई हे खरे तर शस्त्र होते. पायाचे बोट सडू लागले आणि उपचारांनी ते आटोक्यात आले नाही, तर ते तातडीने छाटावे, अन्यथा रोगी दगावेल, असेही हाच ग्रंथ बजावतो. पुढे १६१७ मध्ये चेन शिगोंग या वैद्याने बाह्यरोगांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यानेही विष शरीराबाहेर काढण्याला अग्रक्रम दिला. आजचा सर्जन पिकलेले गळू चिरतो तो याच न्यायाने, आणि लहान गळवातला पू नीट निघून गेला की प्रतिजैविक पुष्कळदा लागतही नाही. संदेशातल्या दाव्याला खरा आधार असेल तर तो एवढाच, आणि त्याचे श्रेय धारदार पात्याला जाते.

‘उष्ण विष’ सुईने उतरते, हे दुसरे विधान. लाली, दाह आणि ठणका यांचे वर्णन म्हणून ‘उष्णता’ हा शब्द चुकीचा नाही. आपल्याकडेही गळू झाले की अंगात उष्णता वाढली असेच म्हणतात. पण सेल्युलायटिसमध्ये स्ट्रेप्टोकॉकस किंवा स्टॅफिलोकॉकस हे जिवाणू त्वचेखालच्या थरांत पसरत असतात, एका जागी साठलेला पू बहुधा नसतोच, आणि लाली तासातासाने सरकत असेल, ताप व थंडी असेल, किंवा रोग्याला मधुमेह असेल, तर वाट पाहण्यात पाय गमावण्याची भीती असते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये ॲक्युपंक्चरच्या सुरक्षिततेविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत सुई टोचायची जागा स्वच्छ, जखम वा संसर्ग नसलेली असावी असे स्पष्ट म्हटले आहे. २००२ मध्ये टोरांटोत एका ॲक्युपंक्चर व्यावसायिकाकडे गेलेल्या तीसहून अधिक लोकांना ‘मायकोबॅक्टेरियम ॲबसेसस’ या चिवट जिवाणूचा त्वचासंसर्ग झाला. निर्जंतुक, एकदाच वापरायच्या सुयांनी हा धोका पुष्कळ कमी होतो, हेही नमूद केले पाहिजे.

प्रयोगशाळेचा पुरावा खरा आहे, पण तोकडा. ‘ह्वांगलियन’ या मुळीतले बर्बेरीन काचेच्या बशीत जिवाणूंची वाढ रोखते. आपल्या दारुहळदीतही तेच द्रव्य आहे. मात्र तोंडाने घेतलेले बर्बेरीन आतड्यातून रक्तात अत्यल्प शिरते, त्यामुळे काढा पिऊन ते पायाच्या त्वचेत पुरेशा प्रमाणात पोहोचेल असे मानता येत नाही.

दुष्परिणाम नसल्याचा दावा मला सर्वांत घातक वाटतो. लंडनच्या त्वचारोगतज्ज्ञांनी चिनी वनौषधींची म्हणून दिली गेलेली ११ मलमे तपासली, आणि १९९९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांतल्या ८ मलमांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड निघाले. अशा मलमाने लाली दोन दिवसांत ओसरते, रोगी खूश होतो आणि आत संसर्ग पसरत राहतो. स्टेरॉइड मिसळलेली क्रीमे परस्पर लावून गजकर्ण चिघळवलेले रोगी आपल्याकडच्या प्रत्येक त्वचारोगतज्ज्ञाने पाहिलेले असतात.

प्रतिजैविकांचा अतिवापर होतो आणि जिवाणू त्यांना दाद देईनासे होतात, ही संदेशातली तक्रार रास्त आहे. पण तिच्यावरून काढ्याचा गुण सिद्ध होत नाही.

राहिली सूज. स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांनंतर हाताला येणाऱ्या लसिकासुजेवर (लसिकाद्रव साठून येणाऱ्या सुजेवर) न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्राने आधी एक छोटा प्रयोग केला होता आणि त्याचे निकाल आशादायक होते. नंतर ८२ स्त्रियांवर यादृच्छिक चाचणी झाली, म्हणजे कोणाला कोणत्या गटात घालायचे हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले गेले. २०१८ च्या तिच्या निकालात ॲक्युपंक्चर घेतलेल्या आणि न घेतलेल्या गटांतील सुजेत लक्षणीय फरक आढळला नाही. हत्तीरोगाच्या सुजेबाबत तर खुद्द चीनचेच उदाहरण आहे. २००७ मध्ये तो देश हत्तीरोगमुक्त ठरला, तो डायइथाइलकार्बामॅझिन या औषधाच्या जोरावर. काही भागांत ते रोजच्या मिठात मिसळून लोकांना दिले गेले. गडचिरोली, चंद्रपूरकडे सामुदायिक औषधोपचार मोहिमेत घरोघरी जी गोळी खाऊ घालतात, तिच्यातही हेच औषध असते.