हजार भूकंप झाले म्हणून ज्वालामुखी फुटत नाही

एक संदेश वर्षा-दोन वर्षांनी हमखास फिरत येतो. नकाशावर लाल ठिपक्यांचा सडा आणि खाली मजकूर: 'यलोस्टोनच्या महाज्वालामुखीखाली हजारो भूकंप! प्रत्येक धक्क्यागणिक मॅग्मा वर सरकतोय. खाली वितळलेल्या खडकाचा समुद्र उसळतोय. दर सहा लाख वर्षांनी होणाऱ्या उद्रेकाची मुदत कधीच उलटली आहे. शास्त्रज्ञांना तारीखही ठाऊक आहे, पण त्यांना बोलू देत नाहीत.' कधी अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानाच्या जागी ग्रीसमधलं सँटोरिनी बेट येतं, कधी इटलीत नेपल्सजवळचं काम्पी फ्लेग्रेई. बाकी मजकुराचा काना-मात्राही बदलत नाही. या संदेशातली सगळीच विधानं सारखी खोटी नाहीत, म्हणून एकेक घेऊ.

'हजारो भूकंप.' हे खरं आहे, पण त्यात बातमी काहीच नाही. यलोस्टोनमध्ये दरवर्षी साधारण दीड ते अडीच हजार भूकंप नोंदले जातात आणि त्यातले बरेचसे झुंडीनेच येतात. १९८५ साली तीन महिन्यांत तीन हजारांहून जास्त धक्के बसले. २०१७च्या उन्हाळ्यातल्या झुंडीत सुमारे २,४०० मोजले गेले. दोन्ही वेळा जमिनीतून काही बाहेर आलं नाही. शिवाय तीव्रता एका अंकाने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट होते, म्हणजे १ तीव्रतेचे हजार धक्के एकत्र केले तरी ३ तीव्रतेच्या एकाच धक्क्याइतकी ऊर्जा भरते. मोजणारी यंत्रं वाढली, नोंदी चाळायला संगणक आले, तेव्हा पूर्वी निसटणारे बारीक धक्केही यादीत येऊ लागले. आकडा फुगला तो जमीन बिथरली म्हणून की यंत्रांचे कान तीक्ष्ण झाले म्हणून, हा प्रश्न संदेश लिहिणाऱ्याला पडत नाही. आणि मोठा भूकंपच हवा असेल तर १९५९ सालचा हेब्गेन लेकचा घ्या. यलोस्टोनच्या पश्चिम सीमेलगत ७.३ तीव्रतेचा धक्का बसला, डोंगरकडा कोसळून मुक्कामाला आलेले लोक गाडले गेले, २८ जणांचा जीव गेला, उद्यानातल्या उष्ण कारंज्यांच्या वेळासुद्धा बदलल्या. ज्वालामुखी मात्र ढिम्म राहिला.

'प्रत्येक धक्क्यागणिक मॅग्मा वर सरकतोय.' खरी गडबड या वाक्यात आहे, म्हणून इथे जरा थांबू.

ज्वालामुखीखालचे धक्के एका जातीचे नसतात. थंड, कडक खडक ताणाखाली तडकतो तेव्हा भूकंपमापकावर टोकदार, खणखणीत रेघ उमटते. प्राथमिक लहर आणि तिच्यामागून येणारी दुय्यम लहर वेगवेगळ्या ओळखू येतात. असा धक्का साध्या भूकंपासारखाच दिसतो, आणि पुष्कळदा तो तसाच साधा असतो: जुना प्रस्तरभंग, म्हणजे खडकातली पूर्वीची भेग सरकणं, किंवा त्याच्या फटींमधून वाट काढणारं उष्ण पाणी. यलोस्टोनच्या बऱ्याच झुंडींचं कारण हे पाणी आहे. दुसरी जात दीर्घ आवर्तनाच्या धक्क्यांची. त्यांची सुरुवात पुसट असते, कंप संथ आणि लांबत जाणारा. भेगेत कोंडलेला वायू, वाफ किंवा शिलारस (म्हणजेच मॅग्मा) स्वतःच घुमू लागला की तो येतो. हाच घुमारा तुटक न राहता तासन्‌तास अखंड चालला की त्याला ज्वालामुखी कंप म्हणतात. वेधशाळेतली माणसं संख्येआधी जात पाहतात, आणि त्याहीआधी भूकंपनाभी, म्हणजे धक्का जिथून निघतो ती जागा, कुठे आणि किती खोलवर आहे, ती जागा बदलते का, हे पाहतात.

शिलारस खडक फाडत पुढे निघाला की त्याच्या टोकाशी खडक तडकत जातो, आणि धक्क्यांच्या नाभीही त्याच्याबरोबर चालू लागतात. आइसलँडमध्ये १० नोव्हेंबर २०२३ रोजी हे काही तासांत घडलं. नाभी ग्रिंडाविक गावाखाली सरकत आल्या, जीपीएस केंद्रांनी जमीन दोन्ही बाजूंना फाकल्याचं दाखवलं, आणि सुमारे १५ किलोमीटर लांबीचा डाइक, म्हणजे भेगेत घुसलेली शिलारसाची उभी भिंत, तयार होत असल्याचं लक्षात आलं. त्याच रात्री गाव रिकामं केलं. उद्रेक झाला तो थेट १८ डिसेंबरला.

फिलिपीन्सच्या पिनाटुबोचं १९९१ सालचं वाचन याहून अवघड होतं, कारण तिथे शेकडो वर्षांत उद्रेकच झाला नव्हता आणि हाताशी जुनी नोंद नव्हती. एप्रिलमध्ये वाफेचे स्फोट झाल्यावर घाईने भूकंपमापक बसवले. मे महिन्यात गंधक डायऑक्साइडचं प्रमाण दिवसाला सुमारे ५०० टनांवरून ५,००० टनांवर गेलं आणि मग अचानक घसरलं. ही घसरण शुभ मानली असती तर घात झाला असता. वायूची वाट बुजली असावी, अशी शंका तज्ज्ञांनी घेतली. जूनच्या सुरुवातीला शिखरापासून काही किलोमीटरवर चाललेले धक्के शिखराच्या थेट खाली आले. हजारो लोकांना हलवलं गेलं. १५ जूनला विसाव्या शतकातला दुसऱ्या क्रमांकाचा मोठा उद्रेक झाला. त्या इशाऱ्याने किमान ५,००० जीव वाचल्याचा अंदाज आहे. धक्के, वायू, जमिनीचा फुगवटा, सगळं एका टेबलावर मांडल्यामुळे हे जमलं. ठिपक्यांच्या नकाशावरून जमलं नसतं.

पण शिलारस सरकतोय हे पक्कं झालं, तरी तो बाहेर येईलच असं नाही, ही गोष्ट त्या संदेशात कधीच सापडत नाही. सँटोरिनीचंच पाहा. २०२५च्या जानेवारीअखेर तिथे धक्के सुरू झाले, काही आठवड्यांत २५ हजारांवर गेले, सर्वांत मोठा ५.३चा. अकरा हजारांहून जास्त लोक बेट सोडून गेले. हे निव्वळ प्रस्तरभंगाचं काम की शिलारसाचं, यावर तज्ज्ञांतही मतभेद होते. नंतर नाभी नेमक्या जागी बसवून पाहिल्या तेव्हा चित्र उलगडलं: सुमारे ३० कोटी घनमीटर शिलारस खोलातून उठला, आडवा-उभा सरकत समुद्रतळाखाली तीन-चार किलोमीटरवर आला, आणि तिथेच थांबला. म्हणजे या एका बाबतीत संदेशाचा पूर्वार्ध बरोबर निघाला, तरी उत्तरार्ध घडला नाही. काम्पी फ्लेग्रेईत १९८२ ते १९८४ दरम्यान पोझुओली गावाची जमीन सुमारे १.८ मीटर वर उचलली गेली, हजारो धक्के बसले, चाळीस हजारांच्या आसपास लोकांनी घरं सोडली. उद्रेक नाही. तिथला शेवटचा उद्रेक अजूनही १५३८ सालचाच.

'वितळलेल्या खडकाचा समुद्र.' दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत आणि अर्धवट वितळलेल्या खडकात मंदावतात, म्हणून लहरींच्या वेगावरून खालचं चित्र काढता येतं. यलोस्टोनच्या वरच्या साठ्यात वितळलेला भाग सुमारे १६ ते २० टक्के असल्याचं २०२२ साली प्रसिद्ध झालेलं संशोधन सांगतं; त्याआधीचे अंदाज आणखी कमी होते. उरलेलं सगळं घन स्फटिक. पाणी मुरलेल्या स्पंजासारखी ही अवस्था आहे, डचमळणारं तळं नव्हे. असा साठा सैल होऊन मोठ्या प्रमाणात वाहू लागायला वितळलेला भाग साधारण ३५ ते ५० टक्के लागतो. जुन्या अंदाजांपेक्षा आकडा वाढला म्हणून त्याच सुमारास आणखी एक घबराटीचा संदेश निघू शकला, पण वाढली होती ती मोजणीची अचूकता.

'मुदत उलटली.' कॅल्डेरा, म्हणजे जमीन खचून होणारा प्रचंड खळगा, तयार करणारे उद्रेक यलोस्टोनमध्ये तीनच झाले: सुमारे २१ लाख, १३ लाख आणि ६ लाख ४० हजार वर्षांपूर्वी. मधली अंतरं दोन, त्यांची सरासरी सुमारे ७ लाख ३० हजार. ज्वालामुखी वेळापत्रक पाळतो असं घटकाभर मानलं तरी अजून नव्वद हजार वर्षं शिल्लक निघतात. दोन अंतरांवरून सरासरी काढणं हाच मुळात विनोद आहे.

आता याच संदेशाच्या शेपटाला कधीकधी जोडलेली ओळ: 'धक्के थांबले, संकट टळलं.' बाकी विधानांनी फार तर झोप उडते. हिच्यावर विसंबून माणूस मरू शकतो. २०२१ साली आइसलँडच्या फाग्रादाल्सफ्यातलखाली फेब्रुवारीअखेरपासून हजारो धक्के बसले, मार्चच्या मध्यात ओसरले, आणि १९ मार्चच्या रात्री लाव्हा बाहेर आला. भेग पृष्ठभागाच्या जवळ आली की फोडायला कठीण खडक उरत नाही, मग आवाजही उरत नाही. आइसलँडचाच हेक्ला ज्वालामुखी तर एरवी गप्पच असतो; २००० साली पहिल्या धक्क्यापासून उद्रेकापर्यंत जेमतेम सव्वा तास मिळाला. जपानच्या ओंताके ज्वालामुखीखाली २०१४च्या सप्टेंबरात १० आणि ११ तारखेला धक्के वाढले आणि कमी झाले. इशाऱ्याची पातळी सर्वांत खालची राहिली. २७ तारखेला, शनिवारी, शिखरावर गिर्यारोहकांची गर्दी असताना वाफेचा स्फोट झाला. कंप सुरू झाला होता तो फक्त अकरा मिनिटं आधी. ६३ माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. तिथे ताजा शिलारस वर आलाच नव्हता, तापलेल्या पाण्यानेच घात केला. अशा स्फोटांपुढे आजचं तंत्र तोकडं पडतं, हे सरळ मान्य करायला हवं.

राहिलं 'शास्त्रज्ञ लपवतात'. यलोस्टोनच्या भूकंपमापकांच्या रेघा कुणालाही आंतरजालावर पाहता येतात आणि वेधशाळा दर महिन्याला अहवाल देते. उलट अनुभव मात्र आहे. कॅलिफोर्नियातल्या लाँग व्हॅलीत मे १९८०मध्ये ६च्या आसपासचे चार धक्के बसले, कॅल्डेराची जमीनही फुगल्याचं दिसलं, म्हणून अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण विभागाने १९८२ साली संभाव्य धोक्याची जाहीर सूचना काढली. पर्यटक आटले, घरांच्या किमती पडल्या, गावकऱ्यांनी शास्त्रज्ञांच्या नावाने बोटं मोडली. उद्रेक झाला नाही. तिथल्या मॅमथ लेक्स गावातून निसटायला तेव्हा एक जादा रस्ता बांधला गेला. 'सुटकेचा मार्ग' हे त्याचं नाव धंद्याला मारक म्हणून बदललं, आणि आज त्याच्यावर 'निसर्गरम्य वळसा' अशी पाटी आहे.